वसुलीचे फोन, नोटिसा आणि कर्जातून सुटायचे मार्ग : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही कर्ज आणि वसुलीबद्दलचे प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप असं मिळून इतकं आलंय की सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीयेत, रकमा थोड्या बदलल्यात. सगळी पत्रं वाचल्यावर एक गोष्ट आधीच सांगावीशी वाटते. कर्ज घेतलंय ते द्यायचंय, हे जवळजवळ प्रत्येकाने स्वतःहून लिहिलंय, कुणीही बुडवायचं कसं असं विचारलेलं नाही. लोक मोडतायत ते फोनवरच्या भीतीने, आणि त्या भीतीत असे निर्णय घेतायत की कर्ज दुप्पट होतंय. तेव्हा खालच्या प्रत्येक उत्तरात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणणार आहे की फोनवर काहीही कबूल करू नका, कागद मागा आणि कागदच द्या.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, पाच महिने झाले काम नाही. पर्सनल लोनचे सव्वादोन लाख बाकी आहेत, शिवाय क्रेडिट कार्डाचे ऐंशी हजार. दिवसाला वीस-पंचवीस फोन येतात. आता गावी वडिलांना फोन जातायत की मुलावर केस झालीय, पोलिस उचलायला येणार, चुलत्यांना पण केला. वडिलांना बीपीचा त्रास आहे. एजंट म्हणतो आज संध्याकाळपर्यंत दहा हजार टाक नाहीतर वॉरंट निघेल. खरंच अटक होते का? (मूळ गाव लातूर जिल्हा)

उत्तर : नाही. हप्ता थकला म्हणून पोलिस घरी येत नाहीत. पैशाचं देणं ही दिवाणी बाब आहे, बँकेला पैसे हवे असतील तर तिने कोर्टात किंवा लवादाकडे जायचं, पोलिस तिचे वसुली कर्मचारी नाहीत. अगदी कोर्टाचा हुकूमनामा झाल्यावर सुद्धा, १९८० साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिलाय की ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याला केवळ देता येत नाही म्हणून तुरुंगात घालता येणार नाही, पैसे असून लबाडीने देत नाही हे आधी दिसलं पाहिजे. हे वडिलांना आजच सांगा, शक्य असेल तर स्वतः जाऊन समोर बसून सांगा, कारण त्यांना धीर तुमच्या तोंडून येईल, माझ्या कॉलममधून नाही.

आता एक गोष्ट मात्र नीट वाचा. तुम्ही लोन घेताना चेक दिले असतील आणि ते बाउन्स झाले, तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी केस होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप कटणारा हप्ता बाउन्स झाला तरी पेमेंट सिस्टम्सच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २५ तसंच लागू होतं. यात आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात, त्यानंतर कोर्टाचं समन्स येतं. म्हणजे रजिस्टर पोस्टाने काही आलं तर परत पाठवू नका, घ्या, तारीख टाका, वकिलाला दाखवा, आणि कोर्टाची तारीख असेल तर हजर राहा. समन्सला न जाण्याने वॉरंट निघतं, हप्ता थकल्याने नाही. व्हॉट्सअॅपवर लाल शिक्क्याचं काहीतरी आलं असेल तर त्यावरचा केस नंबर ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर किंवा अॅपवर टाकून बघा, बहुतेक वेळा तिथे काही सापडत नाही. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, ते तडजोडीचं आमंत्रण असतं, केस दाखल होण्याआधीच्या लोकअदालतीत तुम्ही तडजोड मान्य केली नाही म्हणून शिक्षा होत नाही.

एजंटचं म्हणाल तर त्याच्यावर रिझर्व्ह बँकेची बंधनं आहेत आणि ती स्पष्ट आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात लिहिलंय की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, घरचे, मित्र, रेफरन्स म्हणून दिलेले लोक यांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, निनावी फोन नाहीत, सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज नाहीत. एजंटने काही केलं तरी जबाबदारी बँकेची, 'तो आमचा माणूस नाही, एजन्सीचा आहे' हे उत्तर चालत नाही. वडील जामीनदार नाहीत, सहकर्जदार नाहीत, म्हणजे त्यांचा या कर्जाशी काडीचा संबंध नाही, त्यांनी एक रुपया द्यायची गरज नाही. गुंड लावून वसुली करू नका हे सुप्रीम कोर्टाने बँकांना २००७ मध्ये पण ठणकावलंय.

म्हणून पहिलं काम, फोन रेकॉर्ड करायला लागा आणि एका वहीत तारीख, वेळ, नंबर, काय बोलला हे लिहा. वडिलांना पण सांगा, फोन आला तर फक्त नाव, एजन्सी आणि अधिकारपत्र विचारायचं आणि ठेवून द्यायचा. दुसरं, बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा, त्याचा पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. मेल असा लिहिला तरी पुरे आहे :

'माझा लोन नंबर अमुक. अमुक तारखेला माझं काम गेलं म्हणून अमुक महिन्यापासून हप्ते थकलेत. मला कर्ज फेडायचं आहे. सध्या मी महिना अमुक रुपये भरू शकतो, त्याप्रमाणे हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळावी. आपल्या एजन्सीकडून अमुक तारखांना अमुक नंबरवरून माझ्या वडिलांना आणि चुलत्यांना फोन करून अटकेची धमकी दिली, ते या कर्जाचे जामीनदार नाहीत, हे फोन ताबडतोब थांबवावेत. एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्राची प्रत मला पाठवावी, यापुढे माझ्याशी माझ्याच नंबरवर किंवा लेखी संपर्क करावा.'

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलं ते पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या वेबसाइटवर, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. फी नाही, वकील लागत नाही. कर्ज थकलेल्या माणसाला तक्रार करायचा हक्क नाही असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं कुठेही लिहिलेलं नाही. आणि मेल पाठवलाय हे कळलं की बऱ्याचदा एजन्सीचा सूर बदलतो, कारण आता बँकेच्या रेकॉर्डवर काहीतरी आलेलं असतं.

पैशाचं : आधी घरभाडं, किराणा, आई-वडिलांची औषधं. त्यानंतर जे उरेल त्यातून हप्ता. एजंटच्या सांगण्यावरून दहा हजार उसने घेऊन टाकू नका, ते दंडात आणि व्याजात जिरतात आणि पुढच्या आठवड्यात तोच फोन पुन्हा येतो. कार्डाचं व्याज बऱ्याच ठिकाणी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, वर त्यावर जीएसटी, म्हणून नुसतं 'मिनिमम ड्यू' भरत राहिलात तर मुद्दल हलत नाही, कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून द्या अशी वेगळी मागणी लेखी करा. ज्या बँकेचं कर्ज त्याच बँकेत तुमचं सेव्हिंग असेल तर बँक तिथले पैसे परस्पर कर्जाला वळवू शकते, तेव्हा नवीन नोकरी लागली तर पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत असू द्या, नाहीतर घरखर्चाचे पैसे त्यात जातील. आणि जुना हप्ता भरायला नवीन लोन अॅप, हे तेवढं अजिबात करू नका.

आणखी एक, दंड कसा लावलाय ते स्टेटमेंट मागवून बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमाप्रमाणे थकलेल्या हप्त्यावर दंड लावता येतो पण दंड म्हणून व्याजाचा दर वाढवता येत नाही, आणि दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

प्रश्न : बचत गटासारखं गटाचं कर्ज घेतलंय, मायक्रोफायनान्स कंपनीचं. एकूण तीन कंपन्यांचे हप्ते आहेत. नवरा यंत्रमागावर होता, मागच्या वर्षी आजारी पडला. हप्ता चुकला की कंपनीचा माणूस रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत दारात बसतो, गटातल्या बायकांना पण आणून बसवतो, त्या म्हणतात तुझ्यामुळे आमचं लोन थांबलं, घरातली भांडी विक. मुलीला शाळेत जायची लाज वाटते. (इचलकरंजी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ पुढचं पत्र उघडलं नाही. सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, जिथे जिथे माग आहेत तिथून अशी पत्रं आलीयेत.

मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि ते इतर कर्जापेक्षा कडक आहेत. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी नाही आणि संध्याकाळी ६ नंतर नाही. वसुली ठरलेल्या जागी, म्हणजे जिथे तुमची मीटिंग होते तिथे करायची, घरी किंवा कामाच्या जागी यायचं तर तुम्ही लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा ठरलेल्या जागी आला नाहीत तरच. म्हणून पैसे नसले तरी मीटिंग चुकवू नका, जा, 'आज एवढेच आहेत' म्हणून शंभर-दोनशे असतील ते द्या, कार्डावर नोंद करून घ्या. मीटिंग चुकवली की घरी यायचं कारण त्याला आपणच देतो.

शेजाऱ्यांपुढे नाव घेणं, नातेवाइकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास देणं, धमकी, सगळं मना आहे. भांड्यांचं म्हणाल तर कुणाच्याही घरातली वस्तू उचलायचा अधिकार कंपनीच्या माणसाला नाही, गटाला नाही. जप्ती फक्त कोर्टाच्या हुकमाने होते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० सांगतं की कोर्टाला सुद्धा स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे लागणारे कपडे, कारागिराची हत्यारं आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाईच्या अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे आपलं मंगळसूत्र, जप्त करता येत नाही. आणि कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कुठल्याही बाईला अटक करता येत नाही. हे वाक्य कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा, आणि तो माणूस पुन्हा बोलला तर वाचून दाखवा.

गटातल्या बायकांशी मात्र भांडू नका. त्यांच्यावरही तोच दबाव आहे, त्यांचं पुढचं लोन अडवलंय. त्यांना बोलावून नवऱ्याचे दवाखान्याचे कागद दाखवा, आणि शक्य असेल तर सगळ्या मिळून शाखेत जा. तिथे तीन गोष्टी लेखी मागायच्या : हप्ता अर्धा करून मुदत वाढवणं, कर्जासोबत विमा काढला होता का आणि त्यात नवऱ्याचं नाव होतं का, आणि कर्ज देताना घरचं उत्पन्न किती धरलं होतं. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे महिन्याचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. तीन-तीन कंपन्यांनी हे बघितलं नसेल तर चूक एकट्या तुमची नाही. तुमच्या लोन कार्डावर तक्रारीचा नंबर असायलाच हवा, आणि ते कार्ड तुम्हाला समजेल त्या भाषेत हवं.

रात्री कुणी दारात बसला तर ११२ ला फोन करा, यात लाजायचं काही नाही. आणि मोफत वकील तुमचा हक्क आहे, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट सुद्धा नाही, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते किंवा १५१०० ला फोन करा.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक. मित्राला पतसंस्थेच्या सात लाखाच्या कर्जाला जामीन राहिलो. त्याचं दुकान बुडालं, तो आता फोन उचलत नाही. मला १०१ ची नोटीस आलीय. माझ्या पगारातून कापतील का? रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करू का? (सांगली जिल्हा)

उत्तर : गुरुजी, इथे मला गोड बोलता येणार नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८. पतसंस्थेने आधी मित्राकडे जायलाच पाहिजे असं नाही, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि पगारदार माणसाकडे ती आधी येते कारण तिथे वसुली सोपी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही, ती सहकार खात्याखाली, म्हणून वर लिहिलेला मेलचा रस्ता तुम्हाला लागू नाही.

पण नोटीस आलीय म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ मध्ये सहकार खात्याचं निबंधक कार्यालय सुनावणी घेतं आणि मग वसुली दाखला, म्हणजे पैसे वसूल करायचा हुकूम, देतं. त्या सुनावणीला स्वतः जा आणि लेखी म्हणणं द्या. खातेउतारा मागा, कर्ज मंजुरीचे कागद मागा, तुमच्या सह्या कुठे कुठे आहेत बघा, मित्राने काय तारण दिलं होतं ते विचारा, व्याजाची आकारणी तपासा. लोक सुनावणीला जात नाहीत, दाखला निघतो, आणि मग त्याविरुद्ध कलम १५४ खाली दाद मागायची तर दाखल्यातल्या येणे रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. तिथे बहुतेकांचं संपतं. पगार कपातीचं करारपत्र तुम्ही कर्जाच्या वेळी लिहून दिलं असेल, शिक्षकांकडून बहुतेक वेळा घेतात, तर कपात होऊ शकते.

दुसरे जामीनदार आहेत का? असतील तर त्यांच्यावरही तितकाच वाटा येतो. तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया मित्राकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, आणि पूर्ण कर्ज तुम्ही फेडलं तर संस्थेकडचं तारण तुमच्याकडे यायला हवं. म्हणून रोख देऊ नका, पावती तुमच्या नावाची घ्या आणि त्यावर 'जामीनदार म्हणून भरणा' असं लिहून घ्या. संस्थेत एकरकमी परतफेड योजना चालू आहे का हे चेअरमनला नाही, लेखी अर्ज देऊन विचारा. आणि मित्राच्या घरी एकदा जाऊन या. तो फोन उचलत नाही तो शरमेने असेल, दोघांनी मिळून योजनेत अर्ज दिला तर संस्था जास्त ऐकते.

प्रश्न : लोन अॅपवरून पाच हजार घेतले, सात दिवसांत आठ मागितले, दिले तरी अजून मागतायत. माझा फोटो घाण करून कॉन्टॅक्टमधल्या मुलींना पाठवलाय. मला जगावंसं वाटत नाही. (नागपूर)

उत्तर : आधी घरातल्या एका माणसाला सांग, आज, हे वाचून झाल्यावर लगेच. आई, बहीण, मामा, कुणीही. आणि १४४१६ ला फोन कर, टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात, फुकट आहे. जगावंसं वाटत नाही हे पण तिथे स्पष्ट सांग, ते ऐकायलाच बसलेत.

आता पुढचं. एक रुपया पण देऊ नकोस, दिलास की त्यांना कळतं हा देतो. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, यात गुन्हेगार ते आहेत, तू नाहीस. सगळे स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेव, मग अॅपच्या परमिशन बंद करून ते काढून टाक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि सायबर पोलिसांकडे घरच्या माणसाला घेऊन जा. कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना एकच मेसेज टाक, 'माझा फोन हॅक करून खोटे फोटो पाठवले जातायत, तक्रार केलीय, रिपोर्ट करा.' हा मेसेज गेला की त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

कायदेशीर अॅपला तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट आणि गॅलरी बघायची परवानगीच नाही, रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच मना केलंय, आणि कर्ज देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी कोण आहे ते आधी सांगावं लागतं. ज्याने सांगितलं नाही त्याची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर पण टाक.

प्रश्न : एक कंपनी म्हणते की आम्ही तुमची सगळी कर्जं निम्म्यात सेटल करून देतो, फक्त हप्ते भरणं बंद करा आणि आम्हाला महिना सहा हजार द्या. ऑफिस चांगलं आहे, वकील पण आहेत. जाऊ का? (ठाणे)

उत्तर : माझं मत विचारलंत तर नको. हे सहा हजार बँकेकडे जात नाहीत, त्यांच्या फीमध्ये जातात, आणि हप्ते बंद केल्याने तुमचं खातं ९० दिवसांत एनपीए, म्हणजे थकीत, धरलं जातं, दंड चढतो, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पडतं, केस होऊ शकते. ती कंपनी सहा महिन्यांनी बँकेला जे पत्र लिहिणार ते तुम्ही आज स्वतः लिहू शकता. सगळेच फसवे आहेत असं मी म्हणत नाही, पण हप्ता भरू शकणाऱ्या माणसाला मुद्दाम थकबाकीदार करायचं हा सल्ला मला चुकीचा वाटतो.

तडजोड करायला बँकांना मोकळीक आहे, जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची चौकटही घालून दिलीय. पण ती हक्काने मिळत नाही, बँकेच्या धोरणावर आहे, आणि त्याची किंमत आहे : क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' येतं आणि ते बरीच वर्षं राहतं, त्या काळात गृहकर्ज मिळणं अवघड. तेव्हा नोकरी चालू आहे, थोडं ओढून भरता येतंय, तर मुदत वाढवून पूर्ण फेडा. उत्पन्नच गेलंय, आजारपण आहे, तर तडजोड करायला काहीच लाज नाही.

करायची ठरली तर आधी बँकेच्या लेटरहेडवर मंजुरीपत्र, त्यात रक्कम, तारखा, आणि ती भरल्यावर काही बाकी राहणार नाही हे वाक्य. मग पैसे फक्त कर्जखात्यात, एजंटच्या गूगल पे वर कधीच नाही, मला आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त फसवणूक इथेच झालीय. भरल्यावर नो ड्यूज पत्र, दिलेले कोरे चेक परत, आणि दोनेक महिन्यांनी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणचा रिपोर्ट तपासायचा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा, ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. घर तारण असेल तर पूर्ण फेडीनंतर कागदपत्रं ३० दिवसांत मिळाली पाहिजेत, त्याच्या उशिराला दिवसाला ५,००० रुपये.

प्रश्न : २०१५ चं क्रेडिट कार्ड, तेव्हापासून एक पैसा भरलेला नाही, कुणी केस पण केली नाही. आता वेगळ्याच कंपनीचा फोन येतो, आम्ही तुमचं कर्ज विकत घेतलंय. (डोंबिवली)

उत्तर : बँका थकीत कर्जं अॅसेट रिकन्स्ट्रक्शन कंपन्यांना विकतात, ते कायदेशीर आहे, पण विकल्याचं पत्र मागा. अशा कर्जासाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते. तुम्ही मधे काही भरलं नसेल, लिहून दिलं नसेल, केस नसेल, तर ती गेलीय. म्हणून चाकणच्या वाचकाला सांगितलेला मेल तुम्ही पाठवू नका, कारण मुदत संपल्यावर सुद्धा 'देतो' असं सही करून दिलंत तर तो नवीन करार धरला जाऊ शकतो. आधी वकिलाला कागद दाखवा. त्यानंतर मनाला वाटलं म्हणून मुद्दल भरून विषय संपवायचा असेल तर जरूर संपवा, वर सांगितलेली पत्रं घेऊन.

प्रश्न : नवरा वारला. त्यांचं पर्सनल लोन होतं, मला माहीत पण नव्हतं. बँकेचा माणूस म्हणतो तुम्ही बायको आहात, इथे सही करा, हप्ते चालू करा. (सातारा)

उत्तर : सही करू नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या पगारातून, तुमच्या माहेरच्या दागिन्यांतून हे फेडायचं नाही. नवऱ्याच्या मागे जे त्यांच्या नावाचं राहिलं, तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी. त्यांचा पीएफ त्यांच्या कर्जासाठी जप्त होत नाही, आणि विम्याची पॉलिसी त्यांनी विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली तुमच्या नावे काढली असेल तर तीही सुरक्षित. बँकेला मृत्यू दाखला देऊन लेखी विचारा की या कर्जाला विमा होता का. पर्सनल लोनसोबत तो बऱ्याचदा काढलेला असतो आणि घरच्यांना सांगितलेलं नसतं.

प्रश्न : २०१२ ला मुलीच्या लग्नाला गावातल्या सावकाराकडून दोन लाख घेतले, महिना पाच टक्के. त्याने एक एकराचं खरेदीखत करून घेतलं, म्हणाला पैसे दिले की परत फिरवू. साडेतीन लाख देऊन झाले, जमीन परत देत नाही. (बीड जिल्हा)

उत्तर : दादा, महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ. परवाना असलेल्या सावकाराला सुद्धा शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, आपल्याकडे ज्याला दामदुप्पट म्हणतात तो नियम. त्याच्याकडे परवानाच नसेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

याच जमिनीसाठी आपल्या लोकांनी मोठी किंमत दिलीय. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरातली कर्जरोख्यांची कागदपत्रं काढून जाळली, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, आणि चार वर्षांनी, १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, त्यात कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं आणि नुसता कागद न बघता कर्जाचा मूळ इतिहास तपासायचं काम कोर्टाकडे आलं. आजच्या कायद्याचं कलम १८ त्याच वाटेवरचं आहे. खरेदीखत दिसायला विक्रीचं असलं तरी ते खरं कर्जाचं तारण होतं असं चौकशीत दिसलं तर जिल्हा उपनिबंधक ते रद्द ठरवून जमीन परत देऊ शकतात.

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या ऑफिसात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे द्यायचा. सोबत सातबारा जुना आणि नवा, खरेदीखताची नक्कल, पैसे दिल्याचे जे काही असेल ते, बँकेतून काढल्याची नोंद, चिठ्ठी, फोनवरचं बोलणं, आणि व्यवहाराच्या वेळी हजर असलेल्या दोन-तीन माणसांची प्रतिज्ञापत्रं. जमीन आजही तुम्हीच कसत असाल तर ते ठळक लिहा, पीकपाहणीत तुमचं नाव असेल तर तो उतारा लावा, कारण विकलेली जमीन विकणाराच कसतो हे चौकशी अधिकाऱ्याला बरंच काही सांगतं. त्याच सावकाराने गावात आणखी कुणाची जमीन अशी घेतली असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज द्या. धमकी आली तर पोलिसांत लेखी, आणि तक्रारीची पोच घ्या.

अर्ज दिल्याच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांच्या आतले व्यवहारच यात येतात. तुमचं खरेदीखत २०१२ चं आहे, तेव्हा सुगी झाल्यावर बघू असं करू नका, नक्कल काढायला उद्याच दुय्यम निबंधक कार्यालयात जा.